गेमलाही वस्ताद हवा

"ताई, पोरगं मोबाईल सोडत नाही. यावर काय गोळी असली तर द्या." वस्तीत आरोग्य तपासणी ठेवली की बीपीच्या रांगेतली एखादी आई हे म्हणतेच. आम्ही तिला पोराच्या झोपेचं विचारतो, जेवणाचं, डोळ्यांचं विचारतो. मग विचारतो, नेमका कोणता गेम खेळतो? कुणाबरोबर खेळतो? कानाला हेडफोन लावून रात्री अकरा वाजता कुणाशी बोलतो? इथं उत्तर थांबतं. "असतील त्याचे मित्र," एवढंच.

हे मित्र कोण आणि ते काय बोलतात, याकडं आरोग्याच्या नजरेनं बघायला हवं, असं आमचं म्हणणं आहे.

फ्री फायर किंवा बीजीएमआय हे एकट्यानं खेळायचे गेम राहिलेले नाहीत. चौघांचा स्क्वॉड असतो, माइक चालू असतो. फ्री फायरमध्ये गिल्ड असते, बीजीएमआयमध्ये क्लॅन. म्हणजे सरळ भाषेत मंडळ. त्याला नाव असतं, म्होरक्या असतो, कुणाला घ्यायचं आणि कुणाला काढायचं हे ठरतं. राजारामपुरीतलं पोरगं, इचलकरंजीतलं पोरगं आणि कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातला, तोंडही न पाहिलेला एक दादा, रोज रात्री एका मंडळात असतात. आपल्याला वाटतं पोरगं घरात आहे. ते घरात नसतं, चौकात असतं. आणि त्या चौकात मोठं माणूस एकही नसतं. असलंच, तर ते कोण आहे हे आपल्याला माहीत नसतं.

तिथली भाषा एकदा हेडफोन काढून ऐका. आई-बहिणीवरच्या शिव्यांना तिथं कुणी शिवी म्हणत नाही. मुलगी आहे हे आवाजावरून कळलं की काय सुरू होतं ते इथं लिहिता येणार नाही. म्हणून आपल्या कितीतरी मुली माइक बंद ठेवून, मुलाचं नाव लावून खेळतात. आणि जात तर आहेच. आधी आडनाव विचारतात. प्रोफाइलवर निळा झेंडा असला, नावात 'भीम' असलं, की कुणीतरी मुद्दाम उचकवतो. 'कोट्यातला' इथून सुरुवात होते आणि आपल्या आज्यांनी पाणवठ्यावर ऐकलेल्या शब्दापर्यंत जाते. पाणवठा गेला, शब्द राहिला.

मग पोरगं दोनपैकी एक करतं. झेंडा काढून टाकतं आणि गप्प बसतं, किंवा त्याहून घाण शिवी परत देतं आणि हळूहळू तीच त्याची बोली होते. आम्ही दोन्ही प्रकारची पोरं पाहतो. पहिलं पोरगं पोट दुखतं म्हणून आणलेलं असतं. तपासणीत काही निघत नाही. शाळेला जायच्या वेळेला दुखतं, रात्री झोप लागत नाही, जेवताना कुणाशी बोलत नाही. दुसऱ्याला दवाखान्यात कुणी आणत नाही, त्याच्या तक्रारी शाळेतून येतात.

'व्यसन' हा शब्द आपण फार लवकर वापरतो, तेवढं सांगून पुढं जाऊ. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत २०१९ मध्ये जागा दिली, ती यादी २०२२ पासून लागू झाली. पण त्यासाठी खेळावरचा ताबा सुटणं, जेवण-शाळा-माणसं या सगळ्यांच्या वर गेम जाणं आणि नुकसान दिसत असूनही न थांबणं, असं सगळं साधारण वर्षभर दिसावं लागतं. असं पोरगं असेल तर त्याला मानसोपचाराची गरज आहे. सीपीआरमध्ये दाखवा, १४४१६ या टेली-मानसच्या मोफत नंबरवर मराठीत बोलता येतं. बाकीची बहुसंख्य पोरं आजारी नाहीत. त्यांना झोप कमी पडते (तेरा ते अठरा वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते) आणि त्यांना शिकवणारं कुणी नाही.

शिकवलं नाही तर काय होतं, ते कोल्हापूरनं पाहिलं आहे. जून २०२३ मध्ये काही जणांनी मोबाईलवर आक्षेपार्ह स्टेटस ठेवले. त्यावरून ७ जूनला बंद पुकारला गेला. छत्रपती शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर, आणि शेवटी इंटरनेट बंद. शाहू महाराजांच्या गावात हातावर पोट असलेल्यांचा धंदा बुडाला, दुकानांच्या काचा फुटल्या. ज्यांच्या स्टेटसवरून हे पेटलं, त्यांत अल्पवयीन मुलंही होती. स्टेटस ठेवायला त्यांना काही सेकंद लागले असतील. चिथावणारी मोठी माणसं वेगळी, ती नेहमीच असतात. पण पोलीस ठाण्याच्या बाकावर पोरंच बसतात, आणि त्यांच्या आया बाहेर.

ही दुसऱ्या समाजाची गोष्ट आहे असं कुणी समजू नये. २०१८ च्या जानेवारीनंतर किती वस्त्यांतल्या आपल्या पोरांना कोर्टाच्या तारखा लागल्या ते आपण जाणतो. आणि २०१५ साली शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून आपल्या एका तरुणाला मारून टाकलं गेलं. तो नर्सिंग शिकत होता. आमच्याच पेशात आला असता. आपल्या पोराच्या हातातला मोबाईल हा नुसता खेळ कधीच नव्हता.

मग काढून घ्यावा का? सरकारनं तेही करून पाहिलं. पब्जी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, पोरं फ्री फायरवर गेली. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, पोरं फ्री फायर मॅक्सवर गेली. पब्जीच्या जागी बीजीएमआय आला, मध्ये बंद झाला, २०२३ मध्ये परत आला तेव्हा अठराखालच्या मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घालून आला. पोरं बापाची जन्मतारीख टाकतात. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर देशभर बंदीचा कायदा झाला. तो चांगला झाला, कारण रमीच्या ॲपनी वस्त्यांतले पगार खाल्ले होते. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे. पण आपली चौदा वर्षांची पोरं जे खेळतात ते गेम त्या बंदीत येत नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये वेगळा मार्ग काढला. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाईल बंद. अभ्यासासाठी ते उत्तमच. पण साडेआठनंतर मोबाईल पुन्हा हातात येतो, आणि माइकवर काय बोलायचं हे भोंगा शिकवत नाही.

कोल्हापूरकरांना हे तालमीच्या भाषेत सांगितलेलं लवकर कळतं. तालमीत नवं पोरगं आलं की पहिल्या दिवशी त्याला डाव शिकवत नाहीत. मातीला हात लावायला, थोरल्याचं ऐकायला शिकवतात. लढतीआधी सलामी, लढतीनंतर हातमिळवणी. चुकीच्या जागी हात गेला की वस्ताद तिथंच थांबवतो. कुस्तीत राग येत नाही असं नाही, पण रागाचं काय करायचं हे वस्ताद दाखवतो. (पूर्वी सगळ्या तालमींची दारं सगळ्यांना उघडी नव्हती, हेही आम्ही विसरलेलो नाही.) मोबाईलच्या गेममध्ये डाव आहेत, राग आहे, हार आहे, मंडळ आहे. फक्त वस्ताद नाही.

हा वस्ताद वाचनालयात बसवावा, असं आम्ही सुचवतो.

वाचनालय म्हटलं की हसू येईल. पण हे बाहेर होतं आहे. अमेरिकेत शिकागोच्या मुख्य सार्वजनिक ग्रंथालयात २००९ पासून किशोरवयीन मुलांसाठी वेगळं दालन आहे, यूमीडिया नावाचं. पुस्तकं आहेत, संगणक आहेत, गाणी रेकॉर्ड करायची सोय आहे आणि गेमही आहेत. त्या ग्रंथालयाला हॅरोल्ड वॉशिंग्टन यांचं नाव आहे, शिकागोचे ते पहिले काळे महापौर. तिथं शाळा सुटल्यावर मुलं येतात आणि शिकवायला येणारी मोठी माणसं त्यांच्याबरोबर बसतात. अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेनं तर २००८ मध्ये ग्रंथालयांतला खेळांचा दिवसच सुरू केला. काही ग्रंथालयं माइनक्राफ्ट या घरं बांधायच्या गेमचं स्वतःचं मैदान इंटरनेटवर चालवतात. त्यात कुणीही घुसू शकत नाही. ग्रंथालयाचं कार्ड असलेली मुलं येतात आणि ग्रंथपाल हजर असतो. दुसऱ्यानं बांधलेलं घर पाडून टाकणं हा त्या गेममधला नेहमीचा उपद्व्याप. तो झाला की ग्रंथपाल नुसतं हाकलत नाही, दोघांना बोलायला लावतो. पोरांना नागरिकशास्त्राचं पुस्तक न उघडता कळतं, की पलीकडच्या नावामागं माणूस आहे.

एवढं लांब जायला नको. कागल ओलांडलं की कर्नाटक. तिथल्या सरकारनं २०१९ मध्ये ग्रामपंचायतींची वाचनालयं ग्रामविकास खात्याकडे घेतली, त्यांत संगणक आणि मोबाईल आणले, मुलांना फुकट सभासद करून घेतलं. आता त्यांना अरिवु केंद्र म्हणतात, म्हणजे ज्ञानाचं केंद्र. गरीब घरातल्या मुलाला वाचनालयातल्या मोबाईलवर, ग्रंथपालाच्या समोर इंटरनेट बघायला मिळतं, ही साधी गोष्ट नाही.

आपल्या कोल्हापुरात १८५० सालापासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे, १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं अनुदान मिळणारी वाचनालयं गावोगाव आहेत. आणि आपल्या वस्त्यांत विहाराला लागून अभ्यासिका आहेत. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठी. ती आठवण ठेवून आपण खोल्या बांधल्या, हे खरं. पण त्या खोल्यांत आज कोण बसतं? स्पर्धा परीक्षा देणारी पंचविशीतली मुलं. त्यांचा आम्हाला अभिमान आहे. तरी दारावर 'शांतता राखा'ची पाटी असलेल्या त्या खोलीत आठवीतल्या पोराला जागा नाही. ते आलं तर त्याला 'जा रे बाहेर खेळ' म्हणतात, आणि बाहेर मैदान नसतं म्हणून ते पायरीवर बसून विहाराचा वायफाय वापरत फ्री फायर खेळतं. पायरीपर्यंत आलेलं पोरगं आपण आत घेत नाही.

आठवड्यातून दोन तास ती पाटी उलटी करावी. रविवारी तेरा ते सतरा वयाच्या मुलामुलींना मोबाईलसकट आत घ्यावं. फ्री फायरमध्ये, बीजीएमआयमध्ये कस्टम रूम करता येते, म्हणजे आपल्याच ओळखीची मुलं एकमेकांत खेळतील, परका कुणी नाही. जुने दोन-तीन संगणक असतील तर लुआंती नावाचा, माइनक्राफ्टसारखा गेम फुकट मिळतो, साध्या संगणकावर चालतो आणि वायर जोडून इंटरनेटशिवायही एकत्र खेळता येतो. शेजारी अभ्यासिकेतलाच एखादा दादा किंवा ताई बसेल. त्यांनी खेळायलाच हवं असं नाही, ऐकायला मात्र हवं.

नियम कुणी करायचे? मुलांनी. आपल्याला यासाठी अमेरिकेकडे बघायची गरज नाही. भिक्खू संघाच्या विनयाचे नियम आधी बसून लिहिलेले नव्हते. काहीतरी घडलं, तक्रार आली, चर्चा झाली, मग नियम आला. आणि पंधरवड्याला उपोसथाला सगळ्यांनी बसून ते नियम म्हणायचे, ज्याचं चुकलं त्यानं सांगायचं. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी याच संघाकडे बोट दाखवलं होतं. बसायची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळं संघाला माहीत होतं, संसदीय पद्धत आपल्याला परकी नाही, असं ते सांगत होते. मग आपल्या अभ्यासिकेतल्या बारा पोरांनी 'हरल्यावर आईवरून शिवी दिली तर काय' याचा ठराव करून त्यावर चिठ्ठ्या टाकून मत का देऊ नये? पहिल्या खेपेला ती एकमेकांना जन्मभर हद्दपार करतील. दुसऱ्या रविवारी खेळायला माणसं कमी पडतील आणि नियम बदलेल. बदलू द्यावा.

शब्दांचं मापही आपल्याकडे आहे. सम्यक वाचा आपण लहानपणापासून ऐकत आलो. खोटं बोलू नये एवढ्यावर ती थांबत नाही. फूट पाडणारं बोलणं, कठोर बोलणं, वायफळ बडबड हेही त्यात येतं. कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ न बघता पुढं ढकलणं म्हणजे खोटं. स्टेटस ठेवून दोन गट झुंजवणं म्हणजे फूट. वर्षावासात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचताना हा भाग आला की मोबाईलमधलं उदाहरण द्यावं, पोरं लगेच मान वर करतील.

पण सम्यक वाचा म्हणजे जातीची शिवी ऐकून गप्प बसणं नव्हे. हे मुलांना स्पष्ट सांगितलं पाहिजे, नाहीतर आपण त्यांना चांगलं वागायचं म्हणून सोसायला शिकवू. शिवी आली तर उलट शिवी द्यायची नाही आणि घाईनं ब्लॉकही करायचं नाही. आधी पुरावा. लिहिलेलं असेल तर स्क्रीनशॉट, बोललेलं असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग. समोरच्याचा गेम आयडी, तारीख, वेळ वहीत. मग गेममध्येच रिपोर्ट, मग ब्लॉक, आणि त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगायचं. २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं इंटरनेटवर टाकलेल्या व्हिडिओतला अपमानही ॲट्रॉसिटी कायद्याखाली येऊ शकतो असं म्हटलं आहे. चौघांच्या बंद चॅटमधली शिवी त्यात बसेल का, हे त्या त्या प्रकरणावर आहे, वकिलाला विचारावं. अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६ आहे. आणि हेही लक्षात असू द्या, की पलीकडं शिवी देणारं पोरगं पुष्कळदा तेरा वर्षांचंच असतं, घरात ऐकलेलं बोलत असतं. प्रत्येक वेळी पोलीस ठाणं गाठावं असं आमचं मत नाही. पण पुरावा ठेवलेला असला तर गाठायचं की नाही हे आपण ठरवतो.

मुलींसाठी वेगळा तास ठेवावा, निदान सुरुवातीला. तिथं त्या माइक चालू करून, स्वतःच्या नावानं खेळतील. कुणी फोटो मागितला, डायमंड देतो म्हणून वेगळ्या ॲपवर ये म्हणाला, धमकी दिली, तर दोष तिचा नाही हे आधी तिला आणि मग तिच्या आईला सांगावं लागतं. आईला जास्त वेळा सांगावं लागतं. मोबाईल काढून घेतील या भीतीनं मुली सांगतच नाहीत, आणि धमकावणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. १०९८ वर मुलांसाठी मदत मिळते, ऑनलाइन फसवणुकीची आणि धमकीची तक्रार १९३० वर. आईच्या फोन-पेवरून डायमंडसाठी पैसे गेले तर तेही १९३० वर लगेच कळवावं, मारून पैसे परत येत नाहीत.

विहार ही धम्माची जागा, तिथं बंदुकीचा गेम कसा, असं ज्येष्ठ उपासक विचारतील. प्रश्न बरोबर आहे. वंदनेच्या सभागृहात नकोच. अभ्यासिकेत, बाजूच्या खोलीत, नाहीतर समाजमंदिरात चालेल, आणि कुठल्या गेमला हो म्हणायचं ते समितीनं ठरवावं. घरं बांधायच्या गेमला कुणाचीच हरकत नसावी. मात्र बंदुकीचा गेम दारात थांबवला तर पोरगंही दारात थांबतं, हे धरूनच समितीनं निर्णय घ्यावा. अभ्यासिकेतल्या मुलांचा अभ्यास बुडेल ही दुसरी हरकत. दोन तास आहेत, आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीत समाजासाठी काय केलं हे विचारतात, त्यांनाही सांगायला काहीतरी होईल.

ज्या वाचनालय समित्यांना हे करून बघायचं आहे, त्यांनी फार तयारी करत बसू नये. मोबाईल मुलांचेच आणा, चार्जिंगसाठी दोन एक्सटेन्शन बोर्ड, नियम लिहायला एक फळा, बसायला सतरंजी. पालकांची एका कागदावर सही घ्या. शेजारी बसणारी माणसं एकटी नकोत, दोन असू द्या, त्यांत एक बाई. दिवस आणि वेळ मुलांना विचारूनच ठरवा. फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असेल त्या दिवशी एकही पोरगं येणार नाही.